सेल्मन वॅक्समन: जे औषध विष म्हणून बाद झालं, तेच कॅन्सरवर कसं चाललं?

'अँटिबायोटिक' हा शब्द आपण रोज ऐकतो. आजच्या अर्थाने तो रूढ केला सेल्मन वॅक्समन यांनी. टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनमुळे ते जगाला माहीत आहेत. मी मात्र आज त्याआधी सापडलेल्या एका विषाची गोष्ट सांगणार आहे.

मातीत औषध शोधणारा माणूस

वॅक्समन यांचा जन्म १८८८ चा, आजच्या युक्रेनमधला. लहानपणीच त्यांची धाकटी बहीण घटसर्पाने गेली. १९१० मध्ये ते अमेरिकेत आले, न्यू जर्सीच्या रटगर्समध्ये शिकले आणि पुढे तिथेच मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करत राहिले. मातीतले जीव एकमेकांना मारायला रसायनं सोडतात, मग त्यातलं एखादं आपल्याही कामाचं असेल, असा त्यांचा साधा हिशोब होता.

१९४० मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी बॉइड वुडरफ यांनी अॅक्टिनोमायसिन वेगळं काढलं. त्याने जंतू मरत होते, पण प्रयोगातले प्राणीही मरत होते! झालं, संसर्गावरचं औषध म्हणून ते बाद.

हे विष नेमकं करतं काय?

आपला डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. शिडीच्या पायऱ्या एकावर एक, पत्त्यांच्या कॅटसारख्या रचलेल्या असतात. अॅक्टिनोमायसिनच्या रेणूचा मधला भाग चपटा असतो. तो दोन पायऱ्यांच्या मध्ये जादा पत्त्यासारखा घुसतो, आणि त्याला जी-सी जोडीची जागा जास्त आवडते. त्याच्या दोन्ही बाजूंना अमिनो आम्लांची एकेक कडी असते. या कड्या डीएनएच्या अरुंद खाचेत बसतात आणि ग्वानिनशी हायड्रोजन बंध जुळवतात. हा कायमचा रासायनिक जोड नाही, पण पकड इतकी चिवट की रेणू सहज सुटत नाही.

आता डीएनएवरून आरएनएची कॉपी काढणारं यंत्र पुढे सरकतं आणि तिथेच अडतं. बॅगेच्या चेनमध्ये कापड अडकावं तसं! आरएनए नाही म्हणजे नवीन प्रथिनं नाहीत, आणि पेशीचं कामच थांबतं.

मग कॅन्सरवर कसं?

डीएनए जंतूतही असतो आणि आपल्यातही, म्हणून हे रसायन दोघांनाही मारतं. पण झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना त्याचा फटका जास्त बसतो आणि कॅन्सरच्या पेशी तशाच असतात. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अॅक्टिनोमायसिन डी लहान मुलांच्या किडनीच्या कॅन्सरवर, म्हणजे विल्म्स ट्यूमरवर वापरलं आणि त्याचा उपयोग झाला. किंमतही होतीच: केस गळणं, तोंड येणं, रक्तपेशी कमी होणं. केसांच्या मुळातल्या पेशीही भराभर वाढतात ना!

श्रेयाचं काय?

१९५२ चं नोबेल वॅक्समन यांना एकट्याला मिळालं, स्ट्रेप्टोमायसिनसाठी. त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ त्याआधीच कोर्टात गेला होता आणि समझोत्यात तो सहशोधक ठरला. मला वाटतं, वॅक्समन यांची गोष्ट सांगताना हे लपवू नये.

१९७३ मध्ये वॅक्समन गेले. बाद ठरलेलं त्यांचं ते विष आज डॅक्टिनोमायसिन या नावाने जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ज्या पकडीमुळे ते नापास झालं, त्याच पकडीमुळे ते आजही लहान मुलांचे जीव वाचवतं.