उसाचे मळे, गिरमिट आणि फिजीतील 21 वर्षे: कोण होते तोताराम सनाढ्य?

छत्रपती संभाजीनगर : फिजी म्हटले की निळा समुद्र, नारळाची झाडे आणि मधुचंद्राची पॅकेजेस डोळ्यांसमोर येतात. पण प्रशांत महासागरातील या बेटांवर भारतीय माणूस पहिल्यांदा गेला तो ऊस तोडायला. 14 मे 1879 रोजी 'लिओनिडास' हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन फिजीला पोहोचले. 1916 पर्यंत अशी साठ हजारांहून जास्त माणसे तिकडे गेली. त्यांचे जगणे कसे होते, हे भारतात कळले ते मुख्यतः एका माणसाच्या आठवणींमुळे. त्यांचे नाव तोताराम सनाढ्य.

गिरमिट म्हणजे नेमके काय?

मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचे सुताराचे अवजार. हा शब्द मात्र 'अ‍ॅग्रिमेंट'चा मजुरांच्या तोंडी झालेला अपभ्रंश आहे. करार पाच वर्षांचा असे. नेमून दिलेले काम पूर्ण केले तर पुरुषाला दिवसाला 1 शिलिंग आणि स्त्रीला 9 पेन्स मजुरी. एक शिलिंग म्हणजे तेव्हाचे 12 आणे. गावाकडच्या शेतमजुरीपुढे हा आकडा मोठा वाटे. फिजीतली महागाई मात्र कोणी सांगत नसे. खरी मेख वेगळीच होती. काम सोडले, गैरहजर राहिले किंवा काम अपुरे राहिले, तर तो फौजदारी गुन्हा ठरे आणि दंड किंवा तुरुंगवास होई.

फिजीसाठीची जहाजे आधी कोलकात्याहून आणि 1903 पासून मद्रासहूनही सुटत. मुंबई बंदरातून ही भरती होत नव्हती. त्यामुळे कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांसारखी वस्ती फिजीत उभी राहिली नाही.

तोताराम तिथे पोहोचले कसे?

तोतारामांचा जन्म 1876 मध्ये फिरोजाबादजवळच्या हिरनगाव या खेड्यातला. वडील लवकर गेले आणि घरावर कर्ज राहिले. आईवर आपला भार नको म्हणून 1893 मध्ये ते कामाच्या शोधात बाहेर पडले. प्रयागमध्ये त्यांना एक गोड बोलणारा माणूस भेटला. मजूर भरती करणाऱ्या या दलालांना 'आरकाटी' म्हणत. चांगली नोकरी देतो, असे सांगून त्याने त्यांना डेपोत नेले. मॅजिस्ट्रेटपुढे काय विचारले जाईल आणि प्रत्येक प्रश्नाला फक्त होकार कसा द्यायचा, हे आधीच पढवलेले होते. फिजी कुठे आहे, हेही बहुतेकांना ठाऊक नव्हते. त्यानंतर कोलकाता, जहाज आणि समोर अथांग समुद्र.

पहिली पाच वर्षे कशी गेली?

तोतारामांना नौसोरीच्या ऊसमळ्यावर पाठवले गेले. मजुरांच्या चाळींना 'लाइन' म्हणत. त्यांना मिळालेली खोली ज्या ओसाड लाइनीत होती, तिला लोक 'भूतलेन' म्हणत. सुरुवातीचे सहा महिने मजुरीतून पैसे कापून शिधा दिला जाई. दिवसभर कुदळ चालवणाऱ्याला तो पुरत नसे आणि आठवडा संपायच्या आत डबा रिकामा होई. अशाच उपासमारीत एकदा त्यांनी गळफास घ्यायचे ठरवले होते. त्या वेळी काही मूळ फिजियन माणसे त्यांच्या दारात आली, ओळख झाली आणि त्यांनीच पुढे खायला आणून दिले.

हा प्रसंग तोतारामांच्या गाजलेल्या पुस्तकात नाही. तो पुढे स्वतंत्र लेखातून समोर आला. फिजीतील गिरमिटियांमध्ये आत्महत्यांचे प्रमाण भारतातील प्रमाणाच्या कितीतरी पट होते. त्या आकड्यामागे काय असू शकते, याची कल्पना या एका लेखातून येते.

मजुराचे पुढारी कसे झाले?

गिरमिट संपल्यावर ते फिजीतच राहिले. शेती केली, पौरोहित्य केले, लग्न केले. मजुरांचे अर्ज आणि तक्रारी त्यांच्याकडे येऊ लागल्या. तिथे भारतीयांची बाजू मांडणारा भारतीय वकील नव्हता. म्हणून तोताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत पत्र लिहिले. त्यातून मॉरिशसमध्ये गिरमिटियांसाठी लढलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर 1912 मध्ये फिजीत आले.

1913 मध्ये कुंती नावाच्या मजूर स्त्रीवर गोऱ्या ओव्हरसियरने अत्याचाराचा प्रयत्न केला. तिने नदीत उडी घेतली आणि एका मुलाने तिला होडीत घेऊन वाचवले. तिची हकिगत कोलकात्याच्या 'भारतमित्र' या पत्रात छापून आली आणि भारतात संतापाची लाट उसळली.

पुण्याचा संबंध काय?

गोपाळ कृष्ण गोखले कधी फिजीला गेले नव्हते. तरीही 4 मार्च 1912 रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. 22 बिगरसरकारी हिंदी सभासद ठरावाच्या बाजूने उभे राहिले, पण सरकारी बहुमतापुढे तो फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी सरकारने दोन जणांना वसाहतींच्या पाहणीला पाठवले. त्यांनी दोष नोंदवले, मात्र एकंदर फायदाच अधिक असल्याचा निष्कर्ष काढला. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मळ्यात मजुरी, दवाखाना आणि घर दिसत होते. रिकामा डबा आणि रात्रीची भीती पाहणीच्या तक्त्यात बसत नव्हती.

पुस्तकाने काय बदलले?

1914 मध्ये तोताराम मायदेशी परतले. फिरोजाबादमध्ये त्यांची गाठ बनारसीदास चतुर्वेदी या तरुण शिक्षकाशी पडली. तोतारामांनी सांगायचे आणि चतुर्वेदींनी लिहायचे, असे ठरले. त्यातून त्याच वर्षी 'फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष' हे हिंदी पुस्तक आले आणि पुढे इतर भारतीय भाषांतही गेले. हे प्रचारासाठी लिहिलेले पुस्तक होते, त्यामुळे त्यात काय ठेवायचे आणि काय गाळायचे याची निवड झाली होती. मूळ फिजियन लोकांचे त्यातले वर्णनही बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेचे आहे. तरीही दुसऱ्याने केलेल्या पाहणीऐवजी स्वतः राबलेला माणूस बोलत होता, हे त्याचे वेगळेपण.

फेब्रुवारी 1915 मध्ये गोखल्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सी. एफ. अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन फिजीला गेले. त्यांच्या अहवालाने तोतारामांच्या तक्रारींना दुजोरा दिला. मार्च 1916 मध्ये मदनमोहन मालवीय यांनी ठराव मांडला आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांनी पद्धत बंद करण्याचे तत्त्व मान्य केले. 1917 मध्ये भरती थांबली. 1 जानेवारी 1920 रोजी फिजीतील उरलेली गिरमिटेही रद्द झाली.

पुढे तोताराम पत्नी गंगादेवींसह साबरमती आश्रमात राहायला गेले. तिथे त्यांनी शेती आणि बागेचे काम पाहिले आणि अखेरपर्यंत ते तिथेच राहिले.

आज हे का वाचायचे?

फिजी सरकारने 2023 पासून गिरमिट दिनाची सार्वजनिक सुट्टी सुरू केली. तिथली सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या भारतीय वंशाची आहे.

मराठवाड्याला मुकादम, उचल आणि उचल फिटेपर्यंत न सुटणारा फड हे शब्द परके नाहीत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, जालना भागातून ऊसतोड मजुरांचे ट्रक निघतात. गिरमिट आणि ऊसतोडीची उचल एकच नव्हे. आज काम सोडले म्हणून कोणी कायद्याने तुरुंगात जात नाही. पण गरजेच्या वेळी हातात पडलेला पैसा माणसाला किती काळ बांधून ठेवू शकतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. फडात जगणे कसे असते, हे कारखान्याच्या नोंदवहीतून पूर्ण कळत नाही. त्यासाठी कोयता हातात धरलेल्या माणसाचेच ऐकावे लागते.