साखर उतरली तेव्हा

१४ नोव्हेंबर म्हटला की देवरीपासून दिल्लीपर्यंत शाळाशाळांतून नेहरूंच्या तसबिरीला हार पडतो. याच तारखेला, १८९१ साली, कॅनडातील ॲलिस्टन गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी फ्रेडरिक बँटिंग जन्मला. जागतिक मधुमेह दिन त्या दिवशी पाळतात तो त्याच्यामुळेच. इन्शुलिनने साखर उतरते हे त्याने जगाला दिले. ती नको इतकी उतरली तर काय होते, हा धडाही त्याच्याच वर्तुळात गिरवला गेला. त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

पहिल्या महायुद्धात जखमी होऊन, शौर्यपदक घेऊन परतलेल्या या डॉक्टरने १९२० साली कॅनडातल्याच लंडन नावाच्या गावी दवाखाना थाटला. पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर! त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस, स्वादुपिंडावरचा एक लेख वाचून झोप उडालेल्या रात्री त्याला कल्पना सुचली. टोरांटोच्या प्राध्यापक मॅक्लिऑड यांनी प्रयोगशाळा, कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी दिला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली, ती फसली. रसायनज्ञ जेम्स कॉलिपने अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पोर सावरू लागले.

हा कॉलिप अर्काची ताकद सशांवर अजमावत असे. साखर फार उतरली की ससे आचके देत, बेशुद्ध पडत. ग्लुकोज टोचले की तोच ससा उठून बसे. पुढे ख्रिस्टी स्ट्रीटच्या सैनिकी रुग्णालयात माणसांवरही हेच दिसले. बँटिंगचा वर्गमित्र जो गिलख्रिस्ट स्वतः मधुमेही. नवा अर्क तो आधी स्वतःला टोचून घेई. दरम घाम, हातांची थरथर, कासावीस भूक, मग असंबद्ध बडबड. उपाय साधा: संत्र्याचा रस, साखर.

शंभर वर्षांनंतरही चूक तीच होते. सुई वेळेवर, जेवणाचा डबा उशिरा; म्हातारी निपचित पडली तर नातलग समजतात, बरे झाले, डोळा लागला. देवरीसारख्या जंगलपट्टीत, जिथे हिवताप परका नाही, तिथे आणखी एक फसगत आहे. फाल्सिपेरम हिवतापात साखर आपसूक घसरते, आणि क्विनाइन दिले असेल तर ते स्वादुपिंडाला जादा इन्शुलिन सोडायला लावते. ताप मेंदूत गेला असे वाटते, पण आधी बोटाला टोचून साखर पाहायला हवी. ७० च्या खाली गेली की जागे व्हावे, ५४ च्या खाली धोका. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी; बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही नको, शिरेतून ग्लुकोजच. मूत्रपिंडे थकलेल्यांची किंवा साखरेच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदा वर येऊन पुन्हा घसरते. म्हणून रात्रभर लक्ष ठेवावे लागते.

बँटिंग तापट होता. १९२३ चे नोबेल मॅक्लिऑडसोबत मिळाले म्हणून भडकला आणि आपला निम्मा वाटा त्याने बेस्टला दिला. मॅक्लिऑड यांनीही आपला कॉलिपला. पैशाचा लोभ मात्र नव्हता. इन्शुलिनचे हक्क तिघांनी एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले होते. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी, युद्धकाळात इंग्लंडला निघालेले विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळून तो गेला. वय अवघे ४९.