डॉ. लिव्हिंग्स्टन साहेबांचे चित्र

झुपकेदार मिशा, उन्हाने रापलेला चेहरा व शांत पण थकलेली दृष्टी, असे डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांचे छापील चित्र आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या चित्रात न दिसणारी हकीकत आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

त्यांचा जन्म 19 मार्च 1813 रोजी स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी गरीब कुटुंबात झाला. दहाव्या वर्षापासून ते कापसाच्या गिरणीत तुटलेले धागे जोडीत. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम चाले, तरी यंत्रावर पुस्तक ठेवून ते शिकत. पुढे डॉक्टर होऊन 1841 साली ते आफ्रिकेत गेले. 1844 साली सिंहाने त्यांचा डावा हात चावून मोडला. तो जन्मभर अधू राहिला. परंतु त्याहून मोठी जखम त्यांच्या मनास झाली. गळ्यात जोखडे घालून गुरांप्रमाणे बाजाराकडे हाकलेली माणसे त्यांनी पाहिली, आणि हा व्यापार बुडविण्यास त्यांनी आपले आयुष्य वाहिले.

ह्या कामास आमच्या महाराष्ट्राचाही हात लागला. 1864 साली साहेब मुंबईस आले, तेव्हा गुलामीतून सोडविलेला चूमा नावाचा मुलगा त्यांनी डॉ. विल्सन ह्यांच्या शाळेत ठेविला. नागपुरास 1845 साली आलेले हिस्लॉप साहेब ज्या स्कॉटिश मिशनाचे, त्याच मिशनाचे हे विल्सन साहेब होत. नाशिकाजवळ शरणपूर येथेही दास्यमुक्त आफ्रिकी मुले लिहिणे-वाचणे, सुतारकी व लोहारकी शिकत. त्यांतील काहींस व चूमास घेऊन लिव्हिंग्स्टन 1866 साली आफ्रिकेस परतले. काही मुले त्यांस वाटेतच सोडून गेली, हेही खरे.

1 मे 1873 रोजी साहेब रानातील झोपडीत वारले. तेव्हा चूमा, सुसी, आणि शरणपुरास शिकून मागाहून येऊन मिळालेला जेकब वेनराइट ह्यांनी सोबत्यांसह त्यांचे हृदय झाडाखाली पुरले. देह उन्हात वाळवून, कागदपत्रांसह, महिनोन् महिने चालत त्यांनी समुद्रकाठी पोहोचविला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनी आरंभिलेल्या खटपटीस यश येऊन जून 1873 मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार तहाने बंद झाला. ती वार्ता ऐकण्यास साहेब उरले नव्हते.

प्रिय वाचकहो, चित्रात एकच पुरुष दिसतो. चूमा व जेकब ह्यांस एके काळी विकावयाचा माल समजत; त्यांनीच पुढे आपखुशीने त्याचे ओझे खांद्यावर घेतले. ते चित्र पुन्हा दृष्टीस पडेल, तेव्हा त्या खांद्यांचीही आठवण ठेवावी.