व्यवहारगणिताचे आचार्य : भास्कराचार्य

कासूहून पेणच्या बाजारीं भात नेणाऱ्या शेतकऱ्यास हिशेब येत नसेल, तर पीक चांगलें येऊनहि तो फसतो. असा रोजचा व्यवहार ज्यांनीं आठशें वर्षांपूर्वीं शास्त्रांत गोंविला, त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मधला. त्यांचें घराणें सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहत असे. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या ३६ व्या वर्षीं, म्हणजे ११५० मध्यें, त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला. अंकगणिताची ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. तींत धान्याचे भाव, फळांचा मोबदला, सोन्याचा कस आणि कर्जाचें व्याज आहे. दरमहा शेंकडा ५ दरानें १६ मुद्दलाचें वर्षाचें व्याज किती, असा त्यांतील एक प्रश्न. उत्तर ९ ३/५. म्हणजे वर्षास शेंकडा ६०! महिन्याचा लहान दिसणारा आंकडा वर्षाअखेर घर बुडवितो. सहा रसांचीं मिश्रणें एकंदर ६३ होतात, हेंहि तेथें मोजिलें आहे. पुढें युरोपांत संभवगणित अशाच मोजणीवर उभें राहिलें.

११८३ मध्यें, उतारवयांत, त्यांनीं ‘करणकुतूहल’ लिहिला. नातू चांगदेव यानें चाळीसगांवाजवळील पाटण येथें त्यांचे ग्रंथ शिकविण्यास मठ स्थापिला. त्या मठास बाजारांतील खरेदीविक्रीचा वाटा लावून दिल्याचें तेथील शिलालेखांत जुन्या मराठींत कोरिलें आहे. बाजारानें विद्येस पोसलें. विद्येनेंहि बाजारांतील दुबळ्यास राखावें.

मुलांनो, शेजारच्या निरक्षर माणसाचा कर्जाचा कागद वाचून, व्याज मांडून दाखवा. तुमच्या गणिताची खरी परीक्षा तीच.