ताराबाईंचं अंगण

आमच्या लातूर-नांदेडकडं हल्ली लेकरू अडीच वर्षांचं झालं की घरात एकच विषय सुरू होतो. कोणती नर्सरी? इंग्रजी आहे ना? रिक्षा दारापर्यंत येते ना? लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण दहावी-बारावीसाठी असलेला तो अभ्यासाचा रेटा आता दुपट्यातल्या बाळापर्यंत येऊन पोचलाय. अशा वेळी मला हमखास आठवतात त्या ताराबाई मोडक. मैत्रिणींनो, 'अंगणवाडी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिचडी आणि वजनकाटा येतो. तिच्यामागं एका बाईचं अख्खं आयुष्य आहे, हे किती जणींना ठाऊक असतं?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेर केळकरांचं. घरात प्रार्थना समाजाचं, म्हणजे सुधारकी वातावरण. मुली चौथी शिकल्या तरी पुष्कळ मानण्याचा तो काळ. त्यात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्न झालं अमरावतीच्या एका वकिलांशी. संसार काही टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. पदरात छोटी मुलगी. आजही आपल्याकडं अशा बाईला चार जणी चार गोष्टी ऐकवतात. शंभर वर्षांपूर्वी काय झालं असेल, कल्पना करा. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची नोकरी. तीही त्यांनी सोडली आणि १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडं गेल्या, लहान मुलांबरोबर काम करायला.

गिजुभाई मूळचे वकील. घरात मूल आल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसोरीबाईंच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि त्यांनी वकिली सोडली. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. तिथं छडी नव्हती, आणि पहिल्या नंबरासाठी बक्षीसही नव्हतं. छडी नको, हे आपल्याला लगेच पटतं. बक्षीस का नको, हे मात्र पटत नाही. मारानं मूल भ्यायला शिकतं. सारखी लालूच दाखवली तर ते चॉकलेटसाठी काम करायला शिकतं, आणि शेजारचं मूल त्याला सोबती न वाटता शत्रू वाटू लागतं. अडीच ते सहा वर्षांचं लेकरू सांगून शिकत नाही, बघून शिकतं. घरात आजीशी कोण कसं बोलतं, भांडीवाल्या मावशींना चहा कोणत्या कपात मिळतो, हे सगळं ते टिपत असतं.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून ताराबाई पालकांसाठी लिहू लागल्या. पुढं १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. काम नावाजलं गेलं, पण तिथं येणारी मुलं शिकल्या-सवरलेल्या घरातली होती. माँटेसोरीची साधनंही महाग. खेड्यातल्या, गरिबाच्या लेकराचं काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. वयाच्या पन्नाशीनंतर, जेव्हा आपण गुडघ्यांची तक्रार सुरू करतो, तेव्हा त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथं त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, पुढं जिद्दीनं शिकून शिक्षिका झालेल्या. दोघींची जोडी अशी जमली की ताराबाईंचं नाव घेताना अनुताईंचं नाव आपोआप तोंडात येतं.

बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. आई-बाप मजुरीवर, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरणार, तिला कोण पाठवणार? मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. तीच ही अंगणवाडी! आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं काढायची, मग गाणी-गोष्टी. साधनं कुठली? बिया, पानं, खडे, शिंपले. मोजणी तीच, रंग ओळखणं तेच, खर्च काहीच नाही.

१९५७ मध्ये हे काम डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेलं. तिथं मोठी मुलं गुरं राखायला जायची. शाळेची वेळ आणि गुरांची वेळ एकच. तर यांनी शाळा कुरणात नेली. गुरं चरताहेत, बाजूला धडा चालू आहे. त्याला नाव पडलं कुरणशाळा. अनेक जणी अंगणवाडीचं कौतुक करतात, मला मात्र ही कुरणशाळाच जास्त मोठी वाटते. कारण आमच्या कंधार, मुखेड, जळकोट भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरवर भांड्यांच्या गाठोड्यांमध्ये लेकरं बसलेली असतात. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. पण तिन्हीसांजेला कोपीवर परतणाऱ्या आईच्या चार वर्षांच्या पोराचा दिवस उसाच्या फडात कसा जातो, हा प्रश्न अजून जागचा हललेला नाही.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कोसबादचं काम अनुताईंनी पुढं चालवलं, त्याही १९९२ मध्ये गेल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा म्हणून वेगळा मानलाय आणि खेळातून शिकवा म्हटलंय. भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून तेच चालू होतं की हो!

आमच्याकडच्या अंगणवाडी ताईंना मात्र आहार, वजन, रजिस्टर आणि आता मोबाइलवरच्या नोंदी यातून गाणी-गोष्टींना किती वेळ उरतो, ते त्यांनाच विचारा. शिंपले आपल्या मराठवाड्यात कुठून येणार? पण चिंचोके आहेत, सरकी आहे, तुरीच्या शेंगा आहेत. पुढच्या वेळी अंगणवाडीत जाल तेव्हा पिशवीभर चिंचोके घेऊन जा आणि अर्धा तास लेकरांबरोबर खाली सतरंजीवर बसा.