पिअर क्युरी आणि दाबाने वीज देणारे स्फटिक

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात चहावाला गॅसचा लायटर दाबतो, तेव्हा आतल्या सिरॅमिकच्या तुकड्यावर ठोका बसतो, त्यात वीज निर्माण होते आणि ठिणगी पडते. दाबाने वीज देणारे स्फटिक शोधणारे पिअर क्युरी बहुतेकांना मेरी क्युरी यांचे पती म्हणूनच माहीत असतात. हा त्यांच्यावर थोडा अन्यायच आहे.

पिअर यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील डॉक्टर. पिअर लहानपणी शाळेत गेले नाहीत, घरीच शिकले. १८८० साली त्यांनी व थोरले बंधू जाक यांनी टुरमलीन, क्वार्ट्झ, साखर अशा स्फटिकांवर दाब देऊन त्यांच्या पृष्ठभागावर येणारा विद्युतभार मोजला. हे स्फटिक त्यांनी विचारपूर्वक निवडले होते. स्फटिकातील अणूंची मांडणी मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना सारखीच असेल, तर दाबाने सरकणारे धन व ऋण भार एकमेकांना रद्द करतात. मिठाचे तसेच होते. खडीसाखरेच्या मांडणीत असा मध्यबिंदू नाही, म्हणून ती वीज देते!

१८९५ साली डॉक्टरेटसाठी त्यांनी चुंबकत्वाचा अभ्यास केला. ठरावीक तापमानाच्या वर लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते. त्याला आज क्युरी तापमान म्हणतात. त्याच वर्षी मेरी यांच्याशी लग्न झाले. युरेनियमच्या किरणांमुळे वाहणारी क्षीण वीज मेरी यांनी मोजली, ती या भावांच्या क्वार्ट्झच्या उपकरणानेच. १९०३ साली पतिपत्नींना नोबेल मिळाले. १९ एप्रिल १९०६ रोजी पावसात रस्ता ओलांडताना घोडागाडीखाली सापडून पिअर गेले. वय ४६. त्यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात क्वार्ट्झच्या ध्वनिलहरींनी पाणबुड्या शोधण्याचे तंत्र उभे केले. सोनोग्राफी याच वाटेने आली.

सोनोग्राफीच्या प्रोबमधल्या नेहमीच्या सिरॅमिकमध्ये मात्र वजनाने निम्म्याहून अधिक शिसे असते. रुग्णाला त्याचा धोका नाही. तो ते बनवताना आणि भंगारात गेल्यावर असतो. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. शिसे नसलेले बेरियम टायटॅनेट १९४०च्या दशकापासून ठाऊक आहे. त्यातला टायटॅनियमचा अणू मध्यापासून जरासा सरकलेला असतो, म्हणून ते वीज देते. पण सुमारे १२० अंश सेल्सियसला, म्हणजे त्याच्या क्युरी तापमानाला, मांडणी सममित होते आणि गुण संपतो. सोडियम, पोटॅशियम व नायोबियमच्या सिरॅमिकमध्ये हे तापमान ४०० अंशांच्या वर आहे. त्याची वीज मात्र शिशाच्या सिरॅमिकपेक्षा कमी पडते, म्हणून त्यात इतर मूलद्रव्ये मिसळून अणूंची मांडणी बदलण्याचे प्रयोग चालू आहेत.