पाखरांच्या पायात वाळं घालणारे सलीम अली

अलिबाग : ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस.

१८९६ साली मुंबईत जन्म. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. पोरवयात छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली, हे विचारायला मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं आणि पोरगा कायमचा पाखरांचा झाला.

विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली. तिथून जर्मनीत शिकून १९३० साली परतले, तर पैशाअभावी जागाच बंद. मग पत्नी तेहमिना यांच्यासह आपल्या किहीमला येऊन राहिले. इथे सुगरणीची घरटी बघत बसले. नर अर्धं घरटं विणतो, मादी तपासते, पसंत पडलं तरच नांदते. मग नर दुसरं विणायला घेतो. हे त्यांनी इथे टिपलं आणि त्याच कामाने नाव झालं.

पण थंडीत येणारी पाखरं येतात कुठून आणि जातात कुठे? त्यासाठी १९५९ पासून सोसायटीने मोठं काम हाती घेतलं. तेव्हा सलीम अलींनी साठी ओलांडली होती. तमिळनाडूतलं कोडिक्कराई हे त्यातलं मोठं ठाणं. तिथे समुद्राकाठी मैलोन् मैल खारा चिखल. ओहोटी लागली की तुतवार, चिखल्या, टिलवा चोची खुपसून किडे वेचत पांगतात. भरती चढली की उरलेल्या कोरड्या पट्टीवर दाटीने गोळा होतात. ही वेळ ज्याला कळली, त्याला पाखरू सापडतं. ते कसब होतं बिहारच्या मीरशिकारांकडे. पिढ्यान् पिढ्या पाखरं धरून पोट भरणारी ही माणसं सलीम अलींनी कामाला घेतली. पाखरू अलगद सोडवायचं, मोजायचं, तोलायचं, पायात नंबराचं हलकं वाळं घालायचं आणि सोडून द्यायचं.

पुढे भारतात वाळं घातलेली पाखरं सोव्हिएत रशियात सापडल्याच्या खबरा मुंबईला येऊ लागल्या. चिमणीएवढा टिलवा उत्तरेच्या बर्फाळ मुलखात अंडी घालतो आणि हिवाळा आपल्या चिखलात काढतो. दोन्हीकडची जागा शाबूत असेल तरच तो जगतो. १९६७ साली कोडिक्कराई अभयारण्य झालं. १९८७ साली नव्वदीत सलीम अली गेले.

आपल्याकडचं खाजणही अनेकांना पडीक वाटतं. भराव टाकला की पाखरांचं ताटच गेलं. सध्या ओहोटीच्या वेळी खाडीवर जाऊन बघा. वाळं घातलेलं पाखरू दिसलं तर त्रास देऊ नका. नंबर वाचता आला तर लिहून वन विभागाला कळवा.